हत्ताजोडी

“मांस तसंच आहे,” इलियास म्हणाला. “कातडंपण तसंच. मग मारल्या कशाला?”

ओढ्याच्या काठाला, बाभळीखाली चार घोरपडी पडल्या होत्या. भाद्रपदातलं ऊन तापलं होतं आणि वास असा होता की डॉक्टर नाईकनवऱ्यांनीसुद्धा रुमाल नाकाशी धरला होता. इलियास उकिडवा बसून काडीनं एकेक शेपटी उचलून बघत होता. आमच्या भागात घोरपड मारतात ती खायला, नाहीतर चरबीचं तेल काढून गुडघ्याला चोळायला. इथं तसलं काहीच झालं नव्हतं. चौघींच्याही शेपटीच्या बुडाशी एक आडवा काप होता. तेवढाच भाग नेला होता.

डॉक्टरांनी पिशवीतून सुरी काढली, एकीचं पोट उघडून पाहिलं, मग दुसरीचं. चारही पाहून झाल्यावर ते उठले आणि ओढ्यात हात धुवायला गेले.

“नर आहेत,” ते पाठमोरे म्हणाले. “चारही.”

“म्हणजे नेलंय ते...” इलियासनं विचारायला तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि मिटलं.

मलाही कळलं होतं काय नेलंय. मी प्राणिशास्त्र शिकवत होते. पण डॉक्टर बोलले नाहीत, इलियास बोलला नाही आणि मीही बोलले नाही. आम्ही खड्डा केला, घोरपडी पुरल्या आणि परत आलो. वाटेत डॉक्टर एवढंच म्हणाले, “कुठल्यातरी औषधाला नेलं असेल.”

डॉक्टर निवृत्त पशुवैद्य होते. पाली, सरडे, साप, बेडूक यांची गावाला किळस वाटू नये म्हणून त्यांनी मंडळ काढलं होतं. पाटीवर ‘निमसडे सरीसृप व उभयचर मित्रमंडळ’ असं लिहिलेलं, पण गाव आम्हाला पालमंडळ म्हणायचं. इलियासचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. कुणाच्या घरात साप निघाला की तो शटर अर्धं ओढून पळायचा. मी, हर्षदा ढोबळे, गावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होते, म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमणूक, दर वर्षी नव्यानं धाकधूक. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि मंडळात बाई म्हणाल तर मी एकटीच. बाकीची पाच-सहा माणसं येऊन जाऊन असायची.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला काकांनी मंडळाला घरी बोलावलं.

काका म्हणजे विश्वासराव थोरवे. पेट्रोल पंप त्यांचा, खताचं दुकान त्यांचं आणि मी शिकवत होते त्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. खताच्या दुकानावरची खोली त्यांनी मंडळाला दिली होती, भाडं न घेता. माणूस वाईट नव्हता. एकदा पंपावर नाग निघाला आणि पोरांनी काठ्या उचलल्या, तेव्हा इलियास येईपर्यंत काकाच मध्ये हात पसरून उभे राहिले होते. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं फार सोपं वाटेल.

पूजा झाली, फराळ झाला. मग काका म्हणाले, “कुमुद, यांना ती दाखव.”

कुमुदकाकू त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, सावळ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी चौरंगावरची चांदीची डबी दोन्ही हातांनी उचलून आमच्यासमोर धरली आणि झाकण काढलं. आत शेंदूर होता, लवंगा होत्या, आणि शेंदरात बुडवलेलं सुकलेलं काहीतरी. दोन बारीक हात कोपरापाशी जोडलेले, आणि दोन्हीकडं मुठी आवळलेल्या.

“हत्ताजोडी,” काका म्हणाले. “विंध्याच्या जंगलात एक झाड असतं, त्याचं मूळ. निसर्गाचा चमत्कार बघा, मुळालाच हात फुटलेत. एक शास्त्रीजी आहेत, त्यांनी आणून दिली. ही घरात आली आणि दुसरा पंप मंजूर झाला.”

“मूळ?” मी म्हणाले.

“मूळ. दर शुक्रवारी दुधानं आंघोळ, नवा शेंदूर, लवंग, वेलदोडा. तेही घरच्या लक्ष्मीनं करायचं, निर्जळी उपास धरून. मधे पंपाची फाईल अडली होती, तर शास्त्रीजींनी अचूक सांगितलं, बाईंची श्रद्धा कमी पडतेय. मग हिनं शुक्रवारच्या जोडीला मंगळवारही धरला. हलली फाईल!”

काकूंनी झाकण लावलं. मला आठवतं ते इतकंच की दिवाळीच्या दिवशीही त्यांचे ओठ फुटलेले होते. तो दिवस शुक्रवार होता.

काकांनी तसलीच एक छोटी डबी डॉक्टरांच्या हातात ठेवली. मंडळाची भरभराट व्हावी म्हणून. आणि सांगितलं की डिसेंबरातलं तुमचं प्रदर्शन झालं की कॉलेजच्या त्याच हॉलमध्ये शास्त्रीजींचं समृद्धी शिबिर ठेवलंय. शास्त्रीजी पोतंभर घेऊन येणार आहेत. गावातल्या घराघरात एकेक जायला पाहिजे.

पोतंभर. मी डॉक्टरांकडं पाहिलं. ते डबीकडं बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

जिना उतरताना मी म्हणाले, “सर, ते...”

“चप्पल घाल आधी,” डॉक्टर म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर पुन्हा म्हणाले, “सर, तुम्ही पाहिलंत ना?”

“पूजेच्या ताटात होतं ते, हर्षदा. आणि आपण पाहुणे होतो.”

सुट्टी संपल्याबरोबर मी ती डबी मंडळाच्या कपाटातून काढली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. इलियासला बोलावून घेतलं. कोमट पाण्यात ती वस्तू टाकली. आधी शेंदूर सुटला, मग लवंगेचा वास गेला आणि दुसरा वास आला. इलियासनं नाक मुरडलं. टोकाचा कपचा चिमट्यात धरून बर्नरवर धरला तर लाकूड जळल्यासारखा वास यायच्या ऐवजी केस जळल्यासारखा आला.

तरीही मला खात्री हवी होती. प्रयोगशाळेत फॉर्मलीनच्या बरणीत एक जुनी घोरपड होती, माझ्याआधीच्या कुणीतरी ठेवलेली. ती नर होती. मी बरणी उघडली आणि शेपटीच्या बुडाशी, ओढ्यावर पाहिला होता तिथंच, काप घेतला. निघालं ते ताटलीत त्या हत्ताजोडीशेजारी ठेवलं. इलियास दोन्हीकडं आळीपाळीनं बघत राहिला.

“या अल्ला,” तो म्हणाला. “आणि याची पूजा करतायत?”

“घोरपड कायद्यानं वाघाच्या यादीत आहे, इलियास. हे घरात ठेवणं गुन्हा आहे.”

“ते ठीक आहे, मॅडम. पण सांगणार कोण त्यांना?”

डॉक्टर सांगणार नव्हते. त्यांनी मला खोलीत बसवून नीट समजावलं. वनखात्याला कळलं तर काका अडचणीत येतील. काका अडचणीत आले तर खोली जाईल. खोली गेली तर मंडळ जाईल. मंडळ गेलं तर गावातला प्रत्येक साप पुन्हा काठीनं मरेल. “हिशेब कर,” ते म्हणाले. “भावनेच्या भरात जाऊ नकोस.” ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

मी एकटीच पंपावर काकांच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा मागवला. मी म्हणाले, “काका, ती हत्ताजोडी म्हणजे मूळ नाही. घोरपडीच्या शरीराचा भाग आहे. आम्ही तपासून पाहिलंय.”

“शरीराचा भाग? कुठला?”

मी ओढणी सारखी केली.

“अगं, कुठला भाग? पाय? पंजा?”

दारात हिशेबनीस उभा होता. एक ड्रायव्हर पावती घ्यायला आला होता. माझी मान खाली गेली. टेबलाच्या काचेखाली एक जुनं कॅलेंडर होतं, त्याच्याकडं मी बघत राहिले.

काका मोठ्यानं हसले. “बघ, तुलाच माहीत नाही! पोरी, पुस्तकं वाचून सगळं कळत नसतं. शास्त्रीजींनी तीस वर्षं त्या जंगलात काढलीत. घे, चहा घे.”

मी चहा घेतला आणि घरी आले.

आई ब्लाउजला हुक लावत बसली होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्याच वर्षी निवृत्त झालेली. मी तिला सगळं सांगितलं, आणि सांगताना तिथंही अडखळले. तिनं सुई थांबवली.

“तुला तो शब्द येत नाही?”

“येतो गं.”

“मग म्हण.”

“आई, तुझ्यासमोर काय...”

“मी नोकरीभर वाड्यावस्त्यांवर कुटुंबनियोजन शिकवत फिरले. पारावर म्हातारे बसायचे, त्यांच्यासमोर बोलायचे. पहिल्या वर्षी मी खाली बघून बोलायचे तर लोक फिदीफिदी हसायचे. मग एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सिस्टर, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. खाली बघून बोललात तर ते घाण वाटतं, वर बघून बोललात तर ती माहिती होते.” तिनं दोरा तोडला. “म्हण आता. माझ्याकडं बघून.”

मी म्हणाले. तिनं आणखी दोनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा शेजारच्या वहिनी वाटी मागायला दारात आल्या होत्या. त्या तशाच परत गेल्या.

प्रदर्शन डिसेंबरात होतं. कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही टेबलं मांडली. सापांच्या कातींचे नमुने, विषारी-बिनविषारीची चित्रं, इलियासनं काढलेले बेडकांचे फोटो, बेडकांच्या आवाजांचं रेकॉर्डिंग. शेवटच्या टेबलावर मी घोरपडीचं मोठं चित्र लावलं. त्याखाली पांढऱ्या ताटलीत ती धुतलेली वस्तू. त्याखाली माझ्या हातची पाटी, ठळक अक्षरांत.

सकाळी डॉक्टर आले आणि त्या टेबलापाशी थांबले. पाटी वाचून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“हे काढ.”

“नाही, सर.”

“हर्षदा, आरएफओ साहेब पाहुणे म्हणून येतायत. वनखात्याच्या माणसासमोर हे ठेवणार तू?”

“त्यांच्यासमोरच ठेवायला पाहिजे.”

“मंडळाचा अध्यक्ष म्हणून सांगतोय.”

“मग अध्यक्ष म्हणून तुम्हीच काढा. मी हात लावणार नाही.”

त्यांनी हात पुढं केला. पण ताटलीला त्यांचाही हात लागेना. शेवटी त्यांनी खिशातला मोठा रुमाल काढून ताटलीवर आणि पाटीवर पसरला, आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. मी तो रुमाल काढला नाही. तेवढं मी त्यांच्यासाठी केलं.

अकराच्या सुमारास काका आले. सोबत प्राचार्य, वनखात्याचे वाघमोडे साहेब, संस्थेची मंडळी आणि कुमुदकाकू. काकूंच्या मागं महिला मंडळाच्या पंधरा-वीस बायका, नव्या साड्यांतल्या. फीत कापली. काका प्रत्येक टेबलापाशी थांबत, कौतुक करत पुढं सरकत होते. मण्यारीच्या चित्रापाशी त्यांनी वाघमोडे साहेबांना पंपावरच्या नागाची गोष्ट सांगितली. बेडकाचा आवाज ऐकून हसले. मग शेवटचं टेबल आलं.

“हे झाकलेलं काय?”

“काही नाही, काका, अजून मांडायचं राहिलंय,” डॉक्टर पुढं येत म्हणाले. “चला, चहा तयार आहे.”

मी रुमाल उचलला.

काकांनी पाटीकडं पाहिलंच नाही, ताटलीकडं पाहिलं. चेहरा उजळला. “अरे वा! हत्ताजोडी! साहेब, हे बघा, याच्याबद्दलच मी गाडीत सांगत होतो. विंध्यातलं मूळ. पण शेंदूर का काढला, पोरी? कोरडी ठेवायची नसते.”

“ते मूळ नाही, काका.”

“पुन्हा तेच?”

“हो. तेव्हा तुम्ही विचारलं होतं, कुठला भाग. सांगायचं राहिलं होतं.” मी टेबलामागून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. “हे घोरपडीच्या नराचं लिंग आहे. नराला दोन असतात, डावं आणि उजवं, शेपटीच्या बुडाशी. घोरपडीला जिवंत धरतात, तिथं कापतात, आणि हे वाळवून शेंदूर लावून विकतात. ओढ्यावर आम्हाला चार नर सापडले, तेवढाच भाग कापलेले. बाकी सगळं तिथंच टाकलेलं.”

हॉलमध्ये कुणीतरी श्वास ओढला. प्राचार्य खोकले आणि खोकतच राहिले. कोपऱ्यात टेपवर बेडूक ओरडत होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

“पोरी,” काका दबक्या आवाजात म्हणाले, “इथं बायका आहेत.”

“म्हणूनच सांगतेय.”

“पुरे! शिक्षिका आहेस ना तू? जिभेला काही लाज?”

“परत सांग.”

आवाज काकांच्या मागून आला. कुमुदकाकू पुढं आल्या. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला होता.

“काय, काकू?”

“आत्ता काय म्हणालीस ते. मला नीट ऐकू आलं नाही.”

त्यांना स्पष्ट ऐकू आलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते हॉलमधल्या प्रत्येकाला दिसत होतं. पण त्या माझ्याकडं बघत होत्या, डोळे न हलवता, आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

“दोन?” काकूंनी विचारलं.

“दोन.”

काकूंनी ताटलीकडं पाहिलं, बराच वेळ. मग त्या म्हणाल्या, “यांना मी दर शुक्रवारी दुधानं आंघोळ घालते.”

महिला मंडळातून कुणाचं तरी हसू फुटलं. ते दाबायचा प्रयत्न झाला, तशी दुसरी फुटली, मग तिसरी, आणि बघता बघता वीस बायका पदर तोंडात कोंबून, एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होत्या. एकीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काकू हसल्या नाहीत.

“निर्जळी,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी आणि मंगळवारी. चक्कर येऊन पडले तर शास्त्री म्हणाला, श्रद्धा कमी आहे. आणि तुम्ही मान डोलावलीत.”

“कुमुद, गाडीत जाऊन बस.”

“नाही.”

मी त्या घरात बऱ्याचदा गेले होते. काकूंच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता, आणि काकांचा चेहरा बघता त्यांनीही ऐकला नसावा.

“कुमुद...”

“मला प्रदर्शन बघायचंय. तुमच्याबरोबर धावत धावत बघितलं, काही कळलं नाही.” त्या माझ्याकडं वळल्या. “मला पहिल्यापासून सांग, हर्षदा. तो काळा साप कुठला?”

मी टेबलामागून बाहेर आले. काकू पहिल्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना मण्यार सांगितली, घोणस सांगितली, कोणत्या सापाचा दंश झाल्यावर काय करायचं ते सांगितलं. त्या प्रत्येक ठिकाणी थांबून प्रश्न विचारत होत्या. बेडूक कातडीनं श्वास घेतो हे ऐकून त्यांनी “खरंच?” असं विचारलं. त्यांच्यामागं एकेक करत सगळ्या बायका आल्या. काका दारापाशी उभे होते, गाडीची किल्ली हातात फिरवत. ते गेले नाहीत आणि आतही आले नाहीत. आम्ही सगळी टेबलं पाहिली. घाई केली नाही.

वाघमोडे साहेब मात्र शेवटच्या टेबलाशीच थांबले होते. त्यांनी ती वस्तू कागदात गुंडाळली आणि डॉक्टरांना विचारलं, “ही मंडळाकडं आली कुठून?”

डॉक्टरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “मला भेट मिळाली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. नाव सांगतो, लिहून घ्या.”

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः चांदीची डबी घेऊन वनखात्याच्या कचेरीत गेल्या. आतलं वाघमोडे साहेबांच्या टेबलावर ओतलं आणि डबी पदरानं पुसून परत आणली. वस्तू आपण होऊन जमा केली आणि काकांची फसवणूक झाली, असं धरून काकांना जबाबावर सोडलं. गुन्हा शास्त्र्यावर दाखल झाला. त्याचा फोन तोवर बंद झाला होता. पुढं तो दूर कुठंतरी पकडला गेला असं ऐकलं, पण खरंखोटं मला माहीत नाही. समृद्धी शिबिर झालं नाही, एवढं खरं.

आणि मंडळाची खोली गेली. डॉक्टरांनी हिशेब बरोबर केला होता. आठवडाभरात खताच्या पोत्यांसाठी जागा हवी असा निरोप आला. आम्ही कपाट हातगाडीवर घालून आमच्या घरी आणलं. आईनं स्वयंपाकघरातली फळी रिकामी करून दिली आणि एवढंच विचारलं की, बरण्यांतलं काही सांडत तर नाही ना.

माझी नोकरी सत्र संपल्यावर गेली. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, प्रयोगशाळेतला नमुना विनापरवाना कापून महाविद्यालयाच्या मालमत्तेचं नुकसान केलंत, त्यामुळं पुढच्या वर्षी तासिका नाहीत. ते माझ्याकडं बघत नव्हते. मी म्हणाले, “कुठला नमुना, सर?” ते म्हणाले, “घोरपडीचा.” मी म्हणाले, “कुठला भाग कापला ते आदेशात लिहिणार का?” आदेशात ‘नमुन्याचा काही अंश’ असं आलं. माझ्यासाठी एक स्थळ येऊन गेलं होतं, त्यांनी नंतर कळवलं की मुलगी फार बोलते. आई म्हणाली, बरं झालं, वेळेत कळलं त्यांना. काही महिन्यांनी मला जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या कॉलेजात काम मिळालं. अजून तिथंच शिकवते.

निमसडे सोडायच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली. फाल्गुन संपत आला होता. इलियास, डॉक्टर आणि मी डोंगराकडच्या माळावर घोरपडींची बिळं बघायला जाणार होतो. निघताना दारात कुमुदकाकू उभ्या होत्या. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, नवेकोरे, आणि हातात कापडी पिशवी.

“मंडळात यायला काय लागतं?” त्यांनी विचारलं.

डॉक्टर गडबडले. “तसं काही नाही. वर्गणी आहे थोडी.”

“दिली की झालं?”

“झालं.”

“मग चला. मला घोरपड बघायचीये. अख्खी.”

ऊन चढल्यावर आम्हाला ती दिसली. पाऊलवाटेच्या मधोमध, तापलेल्या खडकावर पोट टेकून पसरली होती. हाताएवढ्या लांबीची असेल, शेपटी वेगळी. आमची चाहूल लागली तशी तिनं मान वर उचलली आणि जीभ बाहेर काढून हवा चाचपली. पळाली मात्र नाही. आम्ही थांबलो.

“नर का मादी?” काकूंनी कुजबुजत विचारलं.

“लांबून सांगता येत नाही,” मी म्हणाले.

त्यांना हसू आलं. त्या वेळी पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

वाट अरुंद होती, एका बाजूला करवंदीची जाळी, दुसऱ्या बाजूला घसरण. पुढं जायचं तर तिनं बाजूला व्हायला हवं होतं. इलियासनं पायानं एक खडा सरकवला, ती उठावी म्हणून.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “ऊन खातेय ना? खाऊ दे.”

“काकू, ती तासभर हलणार नाही.”

“नको हलू दे.”

त्या तिथंच दगडावर बसल्या, बूट पुढं करून. घोरपड त्यांच्याकडं बघत होती आणि त्या घोरपडीकडं. त्यांच्या पिशवीत फोन वाजायला लागला. त्यांनी पिशवीकडं पाहिलंही नाही. फोन वाजून वाजून थांबला, थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. त्यांनी तोही वाजू दिला.